सन सिटीत गायचं की नाही? सांस्कृतिक बहिष्काराबद्दल थोडं सविस्तर

अनवट (धागाकर्ती)

अमुक गायकाने तमुक देशातला कार्यक्रम रद्द केला अशी बातमी आली की खाली दोनच सूर लागतात. 'कलेला सीमा नसतात' हा एक, आणि 'आधी देश, मग गाणं' हा दुसरा. दोन्ही वाक्यं वापरून वापरून इतकी गुळगुळीत झाली आहेत की ज्याला खरोखर होय की नाही ते कळवायचं असतं, त्याच्या ती काही कामाची नाहीत. म्हणून ज्या बहिष्काराची सुरुवात आणि शेवट दोन्ही आज आपल्यासमोर आहेत, त्याच्यावर हा धागा काढतेय. दक्षिण आफ्रिका.

जोहान्सबर्गच्या सोफियाटाउन वस्तीत काम करणारे पाद्री ट्रेव्हर हडलस्टन यांनी १९५४ साली लंडनच्या वृत्तपत्रातून जाहीर हाक दिली, की वर्णभेद चालू आहे तोवर कलाकारांनी इकडे येऊ नये. १९६१ साली ब्रिटनच्या म्युझिशियन्स युनियनने तसं धोरणच ठरवलं. डिसेंबर १९६४ मध्ये डस्टी स्प्रिंगफील्ड ही ब्रिटिश गायिका तिथे गेली, पण प्रेक्षकांत गोरे-काळे असा भेद करायचा नाही हे कलम करारात घालून घेऊनच. केपटाउनजवळ ती मिश्र प्रेक्षकांसमोर गायली आणि सरकारने तिला देशाबाहेर काढलं. १९६८ आणि १९८० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सांस्कृतिक संबंध तोडण्याचे ठराव केले. १९८३ पासून तर तिथे कार्यक्रम करून आलेल्या कलाकारांची यादीच प्रसिद्ध होऊ लागली. 'पुन्हा जाणार नाही' असं लिहून दिलं की यादीतून नाव निघायचं.

या यादीमागच्या यंत्रणेत एक भारतीय माणूस होता, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. आंध्रातले एनुगा श्रीनिवासुलु रेड्डी. १९६३ पासून ते संयुक्त राष्ट्रांच्या वर्णभेदविरोधी समितीचे सचिव होते आणि पुढे वर्णभेदविरोधी केंद्राचे संचालक झाले. स्वभावाने प्रसिद्धीपासून लांब, पण कागदपत्रांचं काम लोहारासारखं चिकाटीचं.

आता सन सिटी. दक्षिण आफ्रिकेत जुगाराला बंदी होती. सरकारने काळ्या लोकांसाठी जे तुकडे तोडून 'स्वतंत्र देश' म्हणून जाहीर केले होते, त्यांपैकी बोफुथात्स्वाना हा एक. जगातल्या दुसऱ्या कुठल्याच सरकारने त्याला मान्यता दिली नाही, पण तिथे जुगार चालत होता. म्हणून जोहान्सबर्गहून मोटारीने दोन-अडीच तासांवर १९७९ साली सन सिटी हे कॅसिनो-हॉटेल उभं राहिलं. कलाकारांना तिथे अवाच्या सवा बिदागी मिळे. १९८१ मध्ये फ्रँक सिनात्रा गाऊन आला.

जाणाऱ्यांचं म्हणणं असं, की तिथे प्रेक्षक मिश्र असतात, मग अडचण काय? म्हणणं वरवर खरंच होतं. पण त्या 'देशा'चा मूळ हेतूच काळ्या माणसाचं दक्षिण आफ्रिकेचं नागरिकत्व काढून घ्यायचं हा होता. आपल्याच भूमीत त्याला परका ठरवायचं, आणि त्या परक्या 'देशा'ला देशपण यावं म्हणून जगभरचे तारे आणून उभे करायचे. सभागृहात कोण कोणाशेजारी बसलंय, हा प्रश्नच नव्हता. तिथे गाणाऱ्याचा आवाज त्या खोट्या देशाच्या दाखल्यावर शिक्क्यासारखा वापरला जात होता. माझ्या मते सन सिटीला 'नाही' म्हणणं हेच बरोबर होतं आणि त्यात मला तिळमात्र शंका नाही.

जाणकारांनी लिहावं. प्रत्यक्ष वाजवणारे-गाणारे सभासद इथे आहेत, त्यांनी तर नक्कीच.

पंचगणीकर

क्वीन या ब्रिटिश बँडबद्दल लिहायला हवं होतं. ऑक्टोबर १९८४ मध्ये ते सन सिटीत गेले. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारूख बुलसारा, आमच्या पंचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढलेला मुलगा, पहिला बँडही त्याने तिथेच केला. त्यामुळे हे प्रकरण मला लहानपणापासून ऐकून माहीत आहे आणि अजूनही टोचतं. सन सिटीत त्याचा घसा बसला आणि काही कार्यक्रम रद्द करावे लागले. परत आल्यावर म्युझिशियन्स युनियनने दंड केला, संयुक्त राष्ट्रांच्या यादीत नाव लागलं.

त्यांची बाजू अशी होती की आम्ही राजकारणी नाही, ज्यांना आमचं गाणं ऐकायचंय त्यांच्यासाठी वाजवतो. तिथल्या एका अंध-मूकबधिर मुलांच्या शाळेला त्यांनी मदतही केली. मी त्यांचा चाहता आहे आणि राहीन. पण आपण राजकारणात नाही म्हणून राजकारणही आपल्यात येणार नाही, असं थोडंच आहे? आमंत्रण कोणी दिलंय, एवढं तरी बघायला हवं होतं.

जुना_रेडिओ

अनवटताई, धागा उत्तम. पण सन सिटी हे सोपं गणित आहे. कॅसिनो, प्रचंड पैसा, खोटा देश. तिथे 'नाही' म्हणायला फार विचार लागत नाही. खरा पेच पॉल सायमन या अमेरिकन गायकाचा.

सायमनने सन सिटीची आमंत्रणं नाकारली होती. पण टाउनशिपमधल्या, म्हणजे काळ्यांच्या वस्त्यांमधल्या, संगीताची एक कॅसेट त्याच्या हाती पडली, आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये तो जोहान्सबर्गला जाऊन तिथल्या काळ्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करून आला. गिटारवर रे फिरी, बेसवर बकिथी कुमालो. पुढे लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझो हा जोसेफ शबालालांचा गायकवृंदही त्यात आला. वादकांना न्यूयॉर्कच्या युनियनदराच्या तिप्पट मानधन दिलं. जाण्याआधी तिथल्या काळ्या वादकांच्या संघटनेने त्याने यावं असा कौल दिला होता. १९८६ मध्ये 'ग्रेसलँड' आला आणि त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

एवढं करूनही वादळ उठलं. कारण वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या संघटनेशी तो बोलला नव्हता. अमेरिकन गायक हॅरी बेलाफाँटने त्याला तसा सल्ला दिला होता. एप्रिल १९८७ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलबाहेर निदर्शनं झाली. जेरी डॅमर्स, पॉल वेलर, बिली ब्रॅग या ब्रिटिश संगीतकारांनी माफीची मागणी केली. आणि त्याच वेळी आत मंचावर कोण होतं? दक्षिण आफ्रिकेची गायिका मिरियम मकेबा आणि ट्रम्पेटवादक ह्यू मासेकेला! दोघंही वर्णभेदामुळे देशाबाहेर फेकले गेलेले. मकेबा आईच्या अंत्यविधीला जायला निघाल्या तेव्हा त्यांना कळलं की पासपोर्ट रद्द झालाय. १९६३ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांसमोर साक्ष दिली, तर मायदेशात त्यांच्या रेकॉर्डवर बंदी आली. अशी बाई सायमनबरोबर गातेय आणि बाहेर गोरी ब्रिटिश पोरं तिच्या वतीने निषेध करताहेत. मी त्या पोरांना खोटं म्हणत नाही, त्यांची कळकळ खरी होती. पण यात बरोबर कोण?

स्वातीनक्षत्र

मला वाटतं दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण मला वेगळंच विचारायचंय. हे आपल्याकडे कसं लागू करायचं? ऑक्टोबर २०१५ मध्ये गुलाम अली षण्मुखानंदला गाणार होते, तेही जगजीत सिंगांच्या स्मरणार्थ. शिवसेनेच्या विरोधामुळे कार्यक्रम रद्द झाला. माझ्या बाबांनी आयुष्यभर त्यांच्या गझला ऐकल्या, त्यांना फार लागलं ते. हा बहिष्कार म्हणायचा का?

अनवट

स्वाती, माझ्या मते नाही. बहिष्कार म्हणजे मी माझं गाणं, माझा पैसा, माझी हजेरी काढून घेते. किंमत मी भरते. दुसऱ्याला गाऊ न देणं, ऐकणाऱ्याला ऐकू न देणं ही बंदी झाली, तिचं समर्थन करायचं तर वेगळ्या मुद्द्यांवर करावं लागेल. पुढे २०२३ मध्ये पाकिस्तानी कलाकारांवर सरसकट बंदी घाला अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

किंमत स्वतः भरण्याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. १९७४ साली भारत डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोचला होता, समोर दक्षिण आफ्रिका. आपण खेळायला नकार दिला आणि कप न खेळता त्यांच्याकडे गेला. विजय आणि आनंद अमृतराज तेव्हा ऐन भरात होते. १९४६ साली, स्वातंत्र्याच्याही आधी, भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता, आणि पुढची कित्येक वर्षं आपल्या पासपोर्टवर त्या देशाचा अपवाद छापलेला असे. आमच्या पिढीला हे सांगितलं पाहिजे.

कट्यारवाला

अनवट, तुमची व्याख्या चांगली आहे पण पुरेशी नाही. सीमेवर सैनिक मरत असताना मला त्या देशाच्या गायकाचं ऐकवत नसेल आणि मी आयोजकांना 'तिकीट परत घ्या' म्हटलं, तर तीही माझीच किंमत आहे. शंभर माणसांनी तसं म्हटलं की कार्यक्रम रद्द होतो. मग तो बहिष्कार की बंदी?

अनवट

शंभर जणांनी तिकिटं परत केली तर बहिष्कार, आणि तो तुमचा पूर्ण हक्क. दाराशी काठ्या घेऊन उभं राहिलात तर नाही. तुमच्या दुःखाशी माझं भांडण नाही, कट्यारवाला.

डर्बनवासी

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. कामानिमित्त इथे स्थायिक झालोय. वर्णभेदाच्या काळात मी इथे नव्हतो, त्यामुळे जे लिहितोय ते शेजारच्या जुन्या मंडळींकडून ऐकून आणि वाचून.

जुना_रेडिओ काकांच्या प्रश्नाचं उत्तर रे फिरीनेच देऊन ठेवलंय. लंडनमध्ये चळवळीतल्या लोकांनी त्याला बोलावून हे थांबव म्हणून सांगितलं, तेव्हा त्याचं म्हणणं असं होतं की वर्णभेदाचा मार मी आधीच खाल्लाय, आता मार खाल्लेल्यालाच पुन्हा कसले मारता? त्याच्या स्टिमेला बँडचं गाणं इथल्या सरकारी रेडिओने वाजवू दिलं नव्हतं. म्हणजे घरी सरकार तोंड दाबणार आणि बाहेर बहिष्कारवाले.

जॉनी क्लेगचं तर आणखी अवघड. गोरा माणूस, झुलू भाषेत गाणारा, सिफो म्चुनूबरोबर जुलुका हा मिश्र बँड काढलेला. पोलीस त्यांचे कार्यक्रम उधळत, त्याला अटकही झाली. १९८७ मध्ये त्याने मंडेलांचं नाव घेऊन गाणं केलं, ज्या काळात त्यांचा फोटो छापणंही गुन्हा होता. आणि १९८८ मध्ये मंडेलांच्या सत्तरीनिमित्त वेम्बलीला एवढा मोठा कार्यक्रम झाला, तिथे याला गाऊ दिलं नाही! कारण काय, तर तो दक्षिण आफ्रिकेत कार्यक्रम करतो. अहो, त्याचं घर होतं ते! हे वाचून मला अजूनही संताप येतो. नियम आंधळेपणाने चालवला की जो खरा लढतोय तोच त्याखाली सापडतो.

पण पुढचंही सांगतो, नाहीतर चित्र अर्धं राहील. चळवळीने हे ओळखलं. मे १९८७ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष ऑलिव्हर टॅम्बो यांनी लंडनच्या व्याख्यानात भूमिका बदलली. देशातच एक लोकांची, लोकशाहीची संस्कृती उभी राहतेय, बहिष्कार वर्णभेदाच्या यंत्रणेवर ठेवा पण या कलाकारांना त्यातून वगळा, असं त्यांचं सांगणं होतं. त्याच डिसेंबरमध्ये अॅमस्टरडॅमला देशातले आणि परागंदा झालेले कलाकार एकत्र बसले आणि हाच विचार पुढे गेला. म्हणजे बहिष्काराची मागणी ज्यांनी केली, त्यांनीच तो दुरुस्त केला. मला ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. सायमनचं आणि टॅम्बोंच्या मुलाचं, दालीचं, समोरासमोर बोलणं व्हायला मात्र पंचवीस वर्षं गेली. दाली तेव्हा लंडनमध्ये सायमनविरोधी आघाडीवर होता.

तिहाई

धागा पहिल्यापासून वाचतोय. लिहू की नको करत होतो, पण डर्बनवासींच्या प्रतिसादाने हिय्या झाला.

मी तबला वाजवतो, जर्मनीत राहतो. आमचा चौघांचा छोटा गट आहे: सॅक्सोफोन, ऊद (अरबी तंतुवाद्य), डबल बास आणि मी. इस्रायलमधल्या एका महोत्सवाचं आमंत्रण आलंय. ऊद वाजवणारा मित्र मूळचा लेबनॉनचा, तो जाऊच शकत नाही आणि जाणारही नाही. बासवालीने बहिष्काराच्या पत्रकावर सही केली आहे. सॅक्सोफोनवाला म्हणतो, आपण संगीतकार आहोत, तिथल्या लोकांनी काय पाप केलंय? तबलजी माणूस, साथ करणं हा माझा धर्म. पण इथे कोणाची साथ करायची तेच कळत नाही.

त्यात जर्मनीची वेगळीच गोष्ट. २०१९ मध्ये इथल्या संसदेने इस्रायलवरच्या बहिष्कार चळवळीचा निषेध करणारा ठराव केला. सही करणाऱ्यांना सरकारी अनुदानाचे मंच मिळणं अवघड होतं. २०१८ मध्येच एका मोठ्या महोत्सवाने यंग फादर्स या स्कॉटिश बँडला याच कारणाने वगळलं होतं. म्हणजे गेलो तरी किंमत, नाही गेलो तरी किंमत. इथल्या ज्यू मित्रांशी बोललो. 'ज्यूंकडून विकत घेऊ नका' ही १९३३ ची पाटी त्यांच्या घरांत अजून जिवंत आहे, आणि बहिष्कार हा शब्द ऐकला की त्यांच्या पोटात गोळा येतो. ते दुःख मला खोटं ठरवता येत नाही. आणि ऊदवाल्या मित्राच्या आजोळच्या गावावर बॉम्ब पडलेत, तेही नाही.

राजकारणावर भांडण नको. ठरवायचं कसं, एवढंच विचारतोय.

कट्यारवाला

तिहाई, सरळ सांगतो. जा. २०१७ मध्ये रेडिओहेड या ब्रिटिश बँडवर केवढं दडपण आलं होतं, ते तेल अवीवला जाऊन वाजवून आले. एखाद्या देशात वाजवलं म्हणजे त्या देशाच्या सरकारला पाठिंबा दिला असं होत नाही, हे त्यांचा गायक थॉम यॉर्क याचं म्हणणं मला पटतं. आपला झुबिन मेहता, मुंबईचा माणूस, त्याने इस्रायल फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाला आयुष्य दिलं. २०११ मध्ये लंडनला त्यांच्या कार्यक्रमात घोषणा देऊन इतका व्यत्यय आणला की बीबीसीला थेट प्रसारण थांबवावं लागलं. तिथे वाजत असलेल्या, ब्रुख या संगीतकाराच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोचा काय गुन्हा होता?

जुना_रेडिओ

ब्रुखचा गुन्हा नव्हता हे मान्य. व्यत्यय आणणं मलाही आवडत नाही. पण लॉर्ड या न्यूझीलंडच्या गायिकेने त्याच २०१७ च्या डिसेंबरात, दोन चाहत्यांचं पत्र वाचून, तेल अवीवचा कार्यक्रम रद्द केला. वय एकवीस. कोणी तिचं तोंड दाबलं नव्हतं, लोकांशी बोलून तिने ठरवलं. तेही कलाकाराचंच स्वातंत्र्य ना, कट्यारवाला? 'जा' म्हणणं जितकं सोपं, तितकंच 'जाऊ नको' म्हणणं. तिहाईला दोन्ही नकोत.

अनवट

तिहाई, बरं झालं लिहिलंत. दोन देशांची परिस्थिती एकसारखी आहे असं मी म्हणणार नाही, त्यावर लोक जन्मभर भांडताहेत. पण ठरवण्याची रीत दक्षिण आफ्रिकेकडून घेता येईल.

पहिली गोष्ट, हाक कोणी दिली ते बघा. तिथे हडलस्टनपाठोपाठ खुद्द तिथल्या काळ्या जनतेच्या संघटना ही मागणी करत होत्या. इथे २००४ पासून पॅलेस्टिनी विद्वान-कलाकारांचा एक गट ही मागणी करतोय. त्यांची मार्गदर्शक तत्त्वं वाचा, कोणीतरी सांगितलेला सारांश नको. त्यांचा रोख संस्थांवर आहे, माणसाच्या पासपोर्टवर नाही, असं त्यांत म्हटलंय. त्या कसोटीला हा महोत्सव कुठे बसतो ते तुम्हाला शोधावं लागेल: पैसा सरकारचा आहे का, करारात देशाची प्रतिमा उजळण्याबद्दल काही कलम आहे का. सन सिटीत हेच न बघता माणसं फसली.

दुसरं, तिथल्या वादकांना विचारा. ज्यू आणि अरब, दोघांनाही. सायमनने वादकांच्या संघटनेचा कौल घेतला हे त्याचं बरोबर होतं, चळवळीला विचारलं नाही हे चुकलं असं मला वाटतं. दोन्ही करता आलं असतं. पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सईद आणि वाद्यवृंद-संचालक डॅनियल बॅरनबॉइम यांनी १९९९ मध्ये वायमारला अरब आणि इस्रायली तरुण वादकांचा वाद्यवृंद सुरू केला, तोही तुमच्याच देशात. त्यातून बाहेर पडलेली माणसं तुमच्या आसपास असतील. त्यांच्यातही एकमत नसेल, पण ती हे ओझं वर्षानुवर्षं वाहताहेत.

आणि गट. हे मी सगळ्यात कळकळीने सांगते. ऊदवाल्याच्या जागी दुसरा घेऊन जायचा विचार कोणी मांडला तर तो ऐकू नका. ज्याला जाताच येत नाही त्याला वगळून केलेला कार्यक्रम, मग तो कुठल्याही देशात असो, तुमच्या गटाचा राहत नाही.

डर्बनवासी

अनवट यांच्या शेवटच्या मुद्द्याला +१.

कट्यारवाला, एक माहिती तुमच्यासाठी. बहिष्काराने राजवट पडली असं कोणी म्हणू नये. देशातला लढा, संप, आर्थिक निर्बंध हे मोठे घटक. पण राजवटीला गाण्याची भीती होती हे नक्की. मार्च १९८५ मध्ये स्टीव्ही वंडरने आपलं ऑस्कर मंडेलांना अर्पण केलं, तर सरकारी रेडिओने त्याची सगळी गाणी बंद केली. त्याच वर्षी अमेरिकन गिटारवादक स्टीव्हन व्हॅन झँडटने सन सिटीविरुद्ध गाणं काढलं, त्यात माइल्स डेव्हिस, बॉब डिलन, स्प्रिंगस्टीन, रन-डीएमसी असे सगळे एकत्र आले. त्याच अल्बममध्ये पीटर गॅब्रिएलबरोबर आपला एल. शंकरही व्हायोलिनवर आहे.

तिहाई, तुमच्या जर्मनीतली एक गोष्ट. १९९९ मध्ये फ्रँकफर्टला जॉनी क्लेग मंडेलांवरचं ते गाणं गात होता, आणि मागून खुद्द मंडेला नाचत मंचावर आले. चित्रफीत सहज सापडते, बघा.

स्वातीनक्षत्र

आत्ताच पाहिली. क्लेगला आधी कळतच नाही लोक का ओरडताहेत ते.

तिहाई, महोत्सवाला उलट प्रश्न विचारता येतील का? डस्टी स्प्रिंगफील्डसारखं कलम? म्हणजे वेस्ट बँकेतल्या पॅलेस्टिनी श्रोत्याला यायचं असेल तर त्याला येता येईल का, असं. उत्तर 'नाही' आलं तर तुमच्यातला वाद बराचसा तिथेच मिटेल.

तिहाई

सगळ्यांचे आभार. कट्यारवाला, तुमचेही, तुम्ही आमच्या सॅक्सोफोनवाल्याची बाजू त्याच्यापेक्षा नीट मांडलीत.

काल रात्री चौघं बसलो. ऊदवाल्याला वगळून जायचं नाही यावर सॅक्सोफोनवाल्यासकट सगळे एका मिनिटात तयार झाले. म्हणजे तिथे जाणं जवळजवळ संपलंच. तरी नुसतं 'जमत नाही' असं कळवायचं नाही, कारण लिहायचं असं ठरलंय. मसुदा बासवाली करतेय. स्वाती, तुमचा प्रश्न त्यात जसाच्या तसा घालतोय. हैफातल्या एका अरब व्हायोलिनवादकाचा आणि तेल अवीवच्या एका ज्यू तालवादिकेचा संपर्क मिळालाय. पत्र पाठवण्याआधी दोघांशी बोलणार आहे. ती दोघं इकडे आली तर सहा जणांनी मिळून वाजवता येईल का, हेही विचारणार आहे. त्यासाठी पैसा कुठून आणायचा हे अजून कळलेलं नाही. युरोपात अशा कामाला सरकारी नसलेलं अनुदान देणाऱ्या संस्था कोणाला माहीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.